उष्मागतिकीचा पहिला नियम : भौतिकशास्त्रात आणि रसायनशास्त्रात कार्याचे चिन्ह उलट का?

प्रश्न : बारावी विज्ञान, पंचवटी

नमस्कार. मी राज्य मंडळाच्या बारावीत असून एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन अशा दोन्ही परीक्षांची तयारी करीत आहे. आमच्या भौतिकशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या दोन्ही पाठ्यपुस्तकांत चौथे प्रकरण उष्मागतिकीचेच आहे, परंतु पहिला नियम दोन्हींत सारखा लिहिलेला नाही. भौतिकशास्त्रात ‘उष्णता = अंतर्गत ऊर्जेतील बदल + कार्य’ असे समीकरण येते, तर रसायनशास्त्रात ‘अंतर्गत ऊर्जेतील बदल = उष्णता + कार्य’ असे येते.

क्लासच्या सराव परीक्षेत पुढील प्रश्न होता : एका वायूने ५०० ज्यूल उष्णता शोषली आणि १ बार एवढ्या स्थिर बाह्य दाबाविरुद्ध त्याचे आकारमान २ लिटरने वाढले, तर अंतर्गत ऊर्जेतील बदल किती? पर्यायांत ३०० ज्यूल होते आणि ७०० ज्यूलही होते. दोन सूत्रे वेगळी असताना दोन्ही विषयांत उत्तर एकच कसे येते? शिवाय सीईटीत भौतिक आणि रसायनचे मिळून १०० प्रश्न एकाच ९० मिनिटांच्या भागात सोडवायचे असल्याने, समोरच्या प्रश्नाला कोणते समीकरण लावायचे हे कशावरून ठरवावे?

उत्तर १ : भौतिकशास्त्राचा शिक्षक, कॉलेज रोड

समीकरणे वेगळी दिसतात याचे कारण एवढेच की, दोन्ही पुस्तकांत ‘कार्य’ या एकाच नावाने दोन वेगळ्या राशी मोजल्या आहेत. भौतिकशास्त्रात वायूने परिसरावर केलेले कार्य धन मानतात, तर रसायनशास्त्रात परिसराने वायूवर केलेले कार्य धन मानतात, आणि या दोन राशी एकमेकींच्या बरोबर उलट चिन्हाच्या असतात.

तुमच्या उदाहरणात १ बार गुणिले २ लिटर म्हणजे २०० ज्यूल होतात (१ लिटर-बार म्हणजे १०० ज्यूल, हे पाठच असावे). भौतिकशास्त्राच्या रीतीने कार्य अधिक २०० असल्यामुळे ५०० मधून २०० वजा होऊन ३०० उरतात. रसायनशास्त्राच्या रीतीने कार्य उणे २०० असल्यामुळे ५०० मध्ये उणे २०० मिळवून पुन्हा ३०० येतात. ७०० हा पर्याय, एका पुस्तकाचे समीकरण आणि दुसऱ्या पुस्तकाचे चिन्ह घेणाऱ्यासाठी मुद्दाम ठेवलेला आहे. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, परंतु जेईई मेनमध्ये अशा चुकीने मिळणारे चार गुण जातातच, वर आणखी एक गुण वजा होतो.

दोन रीती का पडल्या, हेही सांगतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउझियसने १८५० मध्ये पहिल्या नियमाची मांडणी केली, तेव्हा त्याच्यापुढे उष्णतेवर चालणारी यंत्रे होती. कोळसा जाळून इंजिनाला उष्णता द्यायची आणि त्यातून किती कार्य पदरात पडते ते पाहायचे, असा तो विचार असल्यामुळे मिळालेले कार्य धन मानणे स्वाभाविक होते. रसायनशास्त्रज्ञाचे लक्ष मात्र फ्लास्कमधील पदार्थावर असते, त्यामुळे आत येणारी प्रत्येक ऊर्जा, मग ती उष्णता असो वा कार्य, धन मानणे त्याला सोयीचे वाटते, आणि आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हीच रीत स्वीकारली आहे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकांतही हाच भेद आहे, त्यामुळे जेईई आणि नीट देणाऱ्यांचीही यातून सुटका नाही.

उत्तर २ : अभियांत्रिकी दुसरे वर्ष, आडगाव

सरांचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे, पण परीक्षेच्या खोलीत ‘हा प्रश्न कोणत्या विषयाचा’ असा विचार करू नये असे मला वाटते. प्रश्नात ‘वायूने केलेले कार्य’ म्हटले आहे की ‘वायूवर केलेले कार्य’, हे प्रथम पाहावे, आणि काहीच म्हटले नसेल तर आकारमानाकडे पाहावे. वायू प्रसरण पावला असेल तर कार्यापोटी त्याची ऊर्जा खर्च झाली, आणि दाबला गेला असेल तर त्याला ऊर्जा मिळाली. जमा आणि खर्च एवढेच लिहिले की चिन्ह आपोआप येते, आणि अंतर्गत ऊर्जेतील बदल दोन्ही विषयांत तोच असल्यामुळे चुकण्यास जागा उरत नाही. केवळ ‘कार्य किती’ असे विचारून पर्यायांत धन आणि ऋण अशी दोन्ही चिन्हे दिली असतील, तेव्हाच विषय पाहण्याची गरज पडते.

अॅडिबॅटिक (म्हणजे उष्णतेची देवघेव न होणाऱ्या) प्रक्रियेचे उदाहरण आपल्या नाशिक जिल्ह्यातच आहे. पावसाळ्यात कोकणाकडून येणारी हवा कसारा घाट चढून इगतपुरीकडे येते, तेव्हा वर जाताना तिच्यावरील दाब कमी होऊन ती प्रसरण पावते. उष्णतेची देवघेव जवळजवळ शून्य असल्यामुळे प्रसरणाचा सगळा खर्च अंतर्गत ऊर्जेतूनच होतो, म्हणून ती थंड होते (कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी, बाष्प सांद्रित होऊ लागल्यावर त्याहून कमी). यात चिन्हाचा गोंधळ कुणाचाही होत नाही, कारण काय घडते आहे हे डोळ्यांपुढे असते.

उत्तर ३ : रसायनशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, नाशिक रोड

वरील दोन्ही उत्तरे वाचली. चिन्हाचा मुद्दा मिटला असला तरी, माझ्या मते विद्यार्थी ज्यावर खरोखर अडतात तो मुद्दा वेगळा आहे आणि तो दाबाचा आहे. भौतिकशास्त्रात कार्यासाठी दाब-आकारमान आकृतीतील वक्राखालचे क्षेत्रफळ काढताना वायूचा स्वतःचा दाब घेतात. रसायनशास्त्राच्या सूत्रात मात्र बाह्य दाब असतो. प्रक्रिया प्रतिवर्ती (म्हणजे अतिसावकाश होणारी आणि कोणत्याही क्षणी उलट फिरवता येणारी) असेल तर दोन्ही दाब प्रत्येक क्षणी जवळजवळ सारखे असतात आणि फरक दिसत नाही, परंतु ती तशी नसेल तर उत्तर पूर्णपणे बदलते.

एक मोल आदर्श वायू घे आणि ३०० केल्विन तापमानाला त्याचे आकारमान दुप्पट होऊ दे. प्रतिवर्ती समतापी (तापमान स्थिर ठेवलेल्या) प्रसरणात वायू सुमारे १७२९ ज्यूल कार्य करतो. अंतिम दाबाएवढा स्थिर बाह्य दाब ठेवून एकाच टप्प्यात प्रसरण होऊ दिले, तर कार्य सुमारे १२४७ ज्यूलच होते. निर्वातात प्रसरण झाले, तर बाह्य दाबच नसल्यामुळे कार्य शून्य. तिन्ही वेळा सुरुवात आणि शेवट तेच, तापमान तेच, आणि म्हणून अंतर्गत ऊर्जेतील बदल शून्यच. बदलतात ते कार्य आणि तेवढीच शोषलेली उष्णता. अंतर्गत ऊर्जा हे अवस्था फल आहे (ती केवळ सुरुवात आणि शेवट यांवर ठरते) आणि कार्य हे मार्ग फल आहे (ते मधल्या मार्गावर ठरते), ही व्याख्या सगळ्यांना तोंडपाठ असते, पण हे तीन आकडे स्वतः काढल्याखेरीज ती अंगवळणी पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

रासायनिक अभिक्रियांत हेच कार्य वायूंच्या मोलसंख्येतील बदलातून येते. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून दोन मोल अमोनिया तयार होताना वायूचे चार मोल दोनवर येतात, आकारमान घटते आणि परिसर प्रणालीवर कार्य करतो. २९८ केल्विनला ते सुमारे ४.९६ किलोज्यूल भरते, म्हणून एन्थाल्पीतील बदल (स्थिर दाबाला होणारी उष्णतेची देवघेव) उणे ९२.२ किलोज्यूल असेल, तर अंतर्गत ऊर्जेतील बदल सुमारे उणे ८७.२ किलोज्यूल होतो.

प्रश्नकर्ती, पंचवटी

सर, दादा आणि मॅडम, तुमचे आभार. मॅडम, बाह्य दाबावरून एक शंका आली. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे हवेचा दाब १ अॅटमॉस्फिअरपेक्षा कमी असणार. मग येथे उघड्या भांड्यात एक मोल पाणी उकळून त्याची वाफ झाली, तर वाफेने केलेले कार्य मुंबईतल्यापेक्षा बरेच कमी भरेल का?

उत्तर ४ : रसायनशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, नाशिक रोड

शंका चांगली आहे, पण तू दाब बदललास आणि आकारमान तेच ठेवलेस. ६०० मीटर उंचीवर दाब सुमारे ०.९३ अॅटमॉस्फिअर असतो आणि पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. दाब कमी असल्यामुळे त्याच एक मोल वाफेचे आकारमान जवळजवळ त्याच प्रमाणात अधिक असते. द्रवाचे आकारमान नगण्य धरले, तर दाब आणि आकारमान यांचा गुणाकार म्हणजे वायू स्थिरांक गुणिले केल्विनमधील तापमान. मुंबईत ८.३१४ गुणिले ३७३, म्हणजे ३.१० किलोज्यूल, नाशकात ८.३१४ गुणिले ३७१, म्हणजे ३.०८ किलोज्यूल. दाबात सात टक्क्यांचा फरक असूनही कार्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपासच फरक पडतो, आणि तोही केवळ उत्कलनबिंदू उतरल्यामुळे. १०० अंशांना बाष्पीभवनाची मोलर एन्थाल्पी ४०.७ किलोज्यूल असते, एवढे धरून अंतर्गत ऊर्जेतील बदल आता तूच काढ, आणि दोन्ही पुस्तकांच्या रीतीने काढ. दोन्ही वेळा ३७.६ यायला हवेत.