मूळ वाङ्मय न वाचता विडंबनाचा आस्वाद घेता येतो का?

प्रश्न:
कोथरूडमधील आमच्या वाचनगटात येत्या रविवारी जेन ऑस्टिनची ‘नॉर्दँगर ॲबी’ चर्चेसाठी घेतली आहे. डिसेंबर १८१७ मध्ये, लेखिकेच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत त्या काळच्या गूढ, भयप्रद प्रेमकथांचे विडंबन आहे. पण त्या कथांपैकी एकही आमच्यापैकी कोणी वाचलेली नाही. तरीही वाचताना मनापासून हसू येते. हे हसणे पुरेसे आहे, की आमच्या हातून काही निसटते आहे?

प्रतिसाद १:
फारसे निसटत नाही, असे माझे मत आहे. कपाटाचा प्रसंग पुन्हा वाचा. वादळी रात्र, जुने काळे कपाट, दाद न देणारी किल्ली, आतल्या कप्प्यात सापडलेली कागदांची गुंडाळी आणि नेमकी त्याच क्षणी विझलेली मेणबत्ती! रात्री उशिरापर्यंत भीतीने जागी राहिलेली नायिका कॅथरिन सकाळी ते कागद उघडते, तर त्यांत धुलाईला दिलेल्या सदऱ्यांच्या, मोज्यांच्या याद्या आणि घोडीला लावलेल्या लेपाचे बिल निघते. लेखिकेने भयकथेचा प्रत्येक संकेत निष्ठेने पाळला आहे आणि केवळ शेवटची वस्तू बदलली आहे. तिथवर पोहोचेपर्यंत वाचक तो संकेत त्याच पानांतून शिकलेला असतो.

प्रतिसाद २:
वरील मताला पुण्यातलेच उदाहरण जोडतो. रविकिरण मंडळ हे कवींचे मंडळ १९२३ मध्ये येथे स्थापन झाले आणि अशा कवितांचे विडंबन करणारा अत्र्यांचा ‘झेंडूची फुले’ हा संग्रह १९२५ मध्ये आला. ‘प्रेमाचा गुलकंद’मधला प्रियकर नेमाने गुलाब देत राहतो आणि ती त्या साऱ्या फुलांचा गुलकंद घालून ठेवते, हे कळायला कोणतीही मूळ कविता पाठ असावी लागत नाही. ‘परिटास’ची गोष्ट मात्र वेगळी आहे. कपडे घेऊन गेलेल्या परिटाची वाट तिथे विरहाच्या सुरात पाहिली जाते आणि तो सूर ज्याच्या कानात आधीपासून आहे, त्याला ती कविता दुप्पट आनंद देते. माझे आजोबा आधी त्या काळच्या भावकविता म्हणून दाखवत आणि मगच ‘परिटास’कडे वळत. (धुण्याचे कपडे दोन्हीकडे यावेत, याची मला मौज वाटते.)

प्रतिसाद ३:
थॉमस लव्ह पीकॉकची ‘नाइटमेअर ॲबी’ (१८१८) मात्र संदर्भाशिवाय अपुरी वाटते. तिचा नायक स्किथ्रॉप दोन्ही प्रेयसी दुरावल्यावर आत्महत्येची वेळ ठरवतो आणि ती वेळ येताच घड्याळ पुढे असल्याबद्दल नोकराशी हुज्जत घालतो. हा प्रसंग कोणालाही हसवेल. परंतु स्किथ्रॉप हे पीकॉकचा मित्र, कवी शेली याचेच चित्र आहे, हे माहीत असले की त्या थट्टेतली माया दिसू लागते.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे आभार. कॅथरिन जी ‘मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ वाचण्यात गढून जाते, त्या १७९४ च्या कादंबरीतील एक प्रकरण रविवारी आधी मोठ्याने वाचू आणि त्यानंतरच कपाट उघडू.