शब्दचर्चा : तदर्थ जाळे, पूर्वसिद्ध मार्ग आणि मागणीनुसार मार्ग

प्रश्न : फिरत्या बिनतारी उपकरणांच्या जाळ्यांवरील मजकूर मराठीत आणताना मी ‘ॲड हॉक’साठी तदर्थ, ‘रिॲक्टिव्ह’साठी प्रतिक्रियाशील आणि ‘प्रोॲक्टिव्ह’साठी सक्रिय हे शब्द योजले आहेत. ते योग्य आहेत का?

उत्तर : ‘तदर्थ’ व्युत्पत्तीने नेमका आहे, लॅटिन मुळाचा अर्थ ‘यासाठी’, आपल्याकडे ‘त्यासाठी’, एवढाच फरक. मात्र तदर्थ समिती, तदर्थ नेमणूक अशा वापरामुळे त्याला ‘तात्पुरते’ ही छटा चिकटली आहे आणि येथे मुद्दा मनोरा किंवा मध्यवर्ती राउटर नसताना उपकरणांनीच एकमेकांचे निरोप पुढे पोचवण्याचा आहे. शब्द ठेवावा, पण पहिल्या वापरापाशी हा खुलासा करावा.

‘प्रतिक्रियाशील’ मला पटत नाही. जुलै २००३ मध्ये आरएफसी ३५६१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध झालेल्या एओडीव्ही या ‘रिॲक्टिव्ह’ प्रकारातल्या, मार्ग ठरवण्याच्या प्रोटोकॉलच्या (नियमसंचाच्या) नावातच ‘ऑन-डिमांड’ आहे. ‘क’ या उपकरणाला ‘च’ या उपकरणाकडे काही पाठवायचे असेल आणि वाट ठाऊक नसेल, तरच तो शेजाऱ्यांना मार्गविनंती धाडतो, प्रत्येक शेजारी ती कोणाकडून आली हे टिपून पुढे पाठवतो आणि ‘च’चे उत्तर त्याच टिपणांच्या आधारे उलट वाटेने ‘क’पर्यंत येते. याला ‘मागणीनुसार’ हा साधा शब्द पुरतो.

आक्षेप : दुवा तुटला की एओडीव्हीमध्ये त्रुटिसंदेश जातो. ती प्रतिक्रियाच नव्हे का?

उत्तर : आहे, पण दुवा तुटल्याची दखल ‘प्रोॲक्टिव्ह’ प्रकारातला ओएलएसआर हा प्रोटोकॉलही घेतोच, त्यामुळे त्या शब्दाने दोन प्रकारांतला भेद कळत नाही. भेद वाट केव्हा ठरते यात आहे. आरएफसी ३६२६ मध्ये सुचवलेल्या मूल्यानुसार ओएलएसआर दर २ सेकंदांनी शेजाऱ्यांना ‘हॅलो’ संदेश पाठवतो, मग कोणाला काही पाठवायचे असो वा नसो. अशा नियमित संदेशांमुळे वाटा गरजेआधीच ठरलेल्या असतात. अशा आधीच तयार असलेल्या वाटेला ‘पूर्वसिद्ध’ म्हणावे. ‘सक्रिय’ म्हटले की दुसरा प्रकार निष्क्रिय ठरतो, आणि वर सांगितलेली धावपळ पाहता ते त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

‘प्रोटोकॉल’ तसाच असू द्यावा. राजशिष्टाचार येथे शोभणार नाही. ‘राउटिंग’ला मार्गनिर्धारण आणि ‘रूट डिस्कव्हरी’ला मार्गशोध असे वेगळे शब्द मात्र हवेतच, कारण मार्गनिर्धारण दोन्ही प्रकारांत होते, तर गरजेच्या वेळी सुरू होणारा मार्गशोध फक्त मागणीनुसार चालणाऱ्या प्रकारात असतो.