बसथांबा खिडकीतून दिसतो, पण मध्ये भिंत आहे: वसाहतींना थांब्याच्या बाजूने पायी फाटक सक्तीचं असावं का? (चर्चा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पायवाट

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून बसथांबा दिसतो. बस लागली, कोण उतरलं, कोण धावत आलं आणि तरी चुकलं, सगळं दिसतं. सरळ अंतर फार तर दीडशे मीटर. पण मध्ये वसाहतीची भिंत. उलट्या बाजूच्या मुख्य दाराने बाहेर पडून मोठ्या रस्त्याने वळसा घ्यायचा, की झाले नऊशे मीटर. मी मोजलेत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आईचं बसने जाणं बंद झालं. बस तीच, थांबा तोच, पण एवढं चालणं तिला झेपत नाही. आता ती कुठे जायचं म्हटलं की आमच्या सवडीची वाट बघते.

भिंतीच्या कोपऱ्यात मुलांनी विटा रचल्यात, पलीकडे एक पिंप पालथं घातलंय. सकाळी पाठीला दप्तर लावून एकेक जण तिथून उतरतो. भिंतीचा रंग तेवढ्याच जागी उडालाय. वाट कुठे हवी आहे ते तिथे बघून कळतं.

माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो. म्हणजे फाटक असतं तर जाताना नऊ आणि येताना नऊ मिनिटं वाचली असती. दर २० मिनिटांनी येणारी बस १० मिनिटांवर आणली, तर थांब्यावरचं सरासरी ताटकळणं १० वरून ५ मिनिटांवर येतं, आणि त्यासाठी गाड्या नि चालक जवळपास दुप्पट लागतात. शहर वाढतंय म्हणून आपण जादा बस मागतो, मेट्रो मागतो. मागायलाच हव्यात. पण थांब्यापासून पाच-सात मिनिटांच्या आतल्या प्रत्येक मोठ्या वसाहतीला त्या बाजूने पायी फाटक सक्तीचं करा, ही माझी पहिली मागणी आहे.

कोपऱ्यावरचं घर

तुमच्या आईंबद्दल वाईट वाटलं. तरीही माझा विरोध आहे, कारण अशी फाटकं निघतात ती कुणाच्या तरी खिडकीखाली. आमच्या आधीच्या वसाहतीत ते माझ्या खिडकीखाली होतं. महिनाभरात बाहेरच्यांच्या दुचाकी आत लागू लागल्या. कुलूप तीनदा तुटलं. रात्री अकरानंतर भिंतीलगत कोण बसलंय हे पडदा सारून बघायचीही भीती वाटायची. शेवटी आम्ही ते विटा लावून बंद केलं आणि त्या रात्री मी शांत झोपले.

ही एकट्या माझी भीती नाही. ब्रिटनमध्ये घरांमागच्या गल्ल्यांतून चोऱ्या होतात म्हणून २००५ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना गल्ल्यांना दारं बसवून त्या बंद करायची मुभा दिली. चीनमध्ये फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारने बंदिस्त वसाहती हळूहळू खुल्या करायचं धोरण जाहीर केलं, तेव्हा लोक खवळून उठले. आतल्या रस्त्यांचे पैसे आम्ही भरलेत, ही त्यांची तक्रार होती. ती मला रास्त वाटते.

आणि हिशेबाचं म्हणाल तर बस दुप्पट केली की सगळ्या मार्गावरच्या लोकांना फायदा होतो. तुमच्या फाटकाचा एका वसाहतीला.

फेरी

मी बसच्या वेळापत्रकाचं काम करते. वसाहतीला एकच तोंड असलं की पुढची मागणी ठरलेली: बस आत वळवा. आत जाऊन यायला तीन मिनिटं लागली आणि गाडीत पुढे जाणारे चाळीस जण असले, तर एका फेरीत लोकांचे मिळून दोन तास जातात. फाटकाचा फायदा एका वसाहतीला, हे म्हणूनच मला पटत नाही.

आराखडा

नगररचनेत अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर. अमेरिकी नियोजक क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ साली मांडलेल्या शेजारवस्तीच्या कल्पनेत मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जात आणि आत शाळा साधारण ४०० मीटरच्या टप्प्यात असे. उद्देश चांगला होता: मुलांना वाहनांचा रस्ता ओलांडावा लागू नये. पुढे अनेक ठिकाणी त्यातला 'वाहने बाहेर' हा भाग राहिला आणि 'चालणारे आरपार' हा भाग गळाला.

४०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्यात सुमारे ५० हेक्टर जमीन येते. पण काटकोनी रस्त्यांच्या दाट जाळीतही ४०० मीटर चालून पोहोचता येतील असे जेमतेम ३२ हेक्टरच. बंद गल्ल्या आणि भिंती आल्या की हा आकडा आणखी घसरतो. नकाशावर मात्र आपण वर्तुळ काढतो आणि वस्तीला बस मिळाली असे लिहितो.

'कोपऱ्यावरचं घर' यांचा मुद्दा मी नाकारत नाही. मोटारींचे रस्ते आणि पायवाटा वेगळ्या ठेवणाऱ्या, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रॅडबर्न या वसाहतीच्या धर्तीवर पुढे ज्या वसाहती बांधल्या गेल्या, त्यांतल्या काही ठिकाणी, विशेषतः ऑस्ट्रेलियात, घरांच्या मागून काढलेल्या पायवाटा ओसाड आणि असुरक्षित ठरल्या. दोष मला वाटेपेक्षा तिच्या जागेत दिसतो. वाट रुंद हवी, सरळ हवी, एका टोकाहून दुसरे टोक दिसले पाहिजे, आणि तिच्यावर घरांची दारे उघडली पाहिजेत, मागच्या भिंती नव्हेत. नेदरलँड्समधल्या हाउटेनमध्ये एका भागातून दुसऱ्या भागात जायला मोटारीला बाहेरच्या वळणरस्त्याने जावे लागते, सायकल आणि पायी माणूस मात्र थेट मधल्या रेल्वे स्थानकाकडे जातो. तिथे सुमारे ५० हजार लोक राहतात.

कोपऱ्यावरचं घर

नवी वस्ती वसवताना हे करा, मी पाठिंबा देईन. पण आमच्या इमारती उभ्या आहेत. दारं आता फिरवता येत नाहीत. रात्री दिवा गेला तर कुणाला फोन करायचा? वसाहत म्हणते पालिकेचं काम, पालिका म्हणते खाजगी जागा. याचं उत्तर कुणी देत नाही तोवर मी 'हो' म्हणणार नाही.

पायवाट

हे मी आधी धरलंच नव्हतं. मग मागणी अशी बदलते: भिंतीलगतची तेवढी पट्टी पालिकेने रीतसर ताब्यात घ्यावी, दिवा आणि झाडलोट तिचीच. फाटक फक्त माणूस आणि चाकांची खुर्ची जाईल एवढं, दुचाकी आत येणार नाही असं. पहिल्या बसला उघडायचं, शेवटच्या बसनंतर बंद. आणि जागा कुणाच्याही झोपायच्या खोलीखाली नको. आमच्याकडे ती विटांची जागा वाहनतळाच्या बाजूला आहे, तिथे वर खिडकीच नाही.

कोपऱ्यावरचं घर

खिडकी नाही म्हणजे बघणारंही कुणी नाही. तिथे रात्री तुमची आई एकटी उतरेल का?

पायवाट

रात्री नाही उतरणार. सकाळी दहाला उतरेल.