मदत हवी आहे: बाहेरची हवा खराब असताना खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद?

नमस्कार मंडळी,

लेक नऊ वर्षांची आहे, तिला दमा आहे. थंडी पडली की खोकला आणि रात्री छातीत घरघर सुरू होते. डॉक्टरांनी दिलेला रोजचा इनहेलर नियमित चालू आहे, त्यामुळे औषधाबद्दल काही विचारायचं नाही. "धूळ-धुरापासून जपा," असं ते सांगतात, पण नेमकं कसं जपायचं यावरून आमच्या घरात दोन तट पडले आहेत. नवरा उठल्याउठल्या फोनवर हवेचा आकडा बघतो आणि सगळ्या खिडक्या लावून घेतो. सासूबाईंच्या मते कोंडलेल्या हवेनेच पोर आजारी पडतं, म्हणून त्याची पाठ वळली की त्या खिडक्या उघडतात. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत आहे.

त्यात हवा मोजायचं छोटं यंत्र घरात आणलं आणि गोंधळ वाढला. परवा एक ॲप ९५ दाखवत होतं, म्हणजे 'समाधानकारक'. दुसऱ्यात त्याच वेळी १५२, 'अपायकारक'. यंत्रावर ५७. खरं कोणाचं मानायचं? आणि सगळ्या खिडक्या बंद असतानाही संध्याकाळी यंत्राचा आकडा २०० च्या वर जातो, तो का? एअर प्युरिफायर घ्यावा का, घेतला तर काय बघून घ्यावा? कोणी म्हणतं घरात झाडं ठेवा, बास. जाणकारांनी कृपया सांगावं. अमुकच कंपनीचा घ्या, असली उत्तरं नकोत.

मीटरवेडा:
तिन्ही आकडे खरे असू शकतात. तुमच्या यंत्रावरचा ५७ बहुधा पीएम २.५ आहे, म्हणजे एका घनमीटर हवेत इतके मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण. ॲपवरचा एक्यूआय हे मोजमाप नाही, तो त्या मोजमापावरून काढलेला निर्देशांक आहे आणि तो काढायची पट्टी देशागणिक वेगळी. भारतीय पट्टीवर पीएम २.५ साठ असेल तर निर्देशांक १०० येतो. अमेरिकी पट्टीवर शंभरची रेघ ३५ च्या आसपासच ओलांडली जाते. म्हणून तीच हवा एकीकडे 'समाधानकारक' आणि दुसरीकडे 'अपायकारक' ठरते. फुप्फुसाला पट्टी कळत नाही, तेव्हा ॲपमध्ये शोधून थेट पीएम २.५ चा आकडा बघत जा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा २४ तासांच्या सरासरीला १५ आणि वर्षाच्या सरासरीला ५ आहे. म्हणजे ५७ ला समाधानकारक म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

एक सावधगिरी. ही छोटी यंत्रं प्रकाशाचा झोत कणांवरून कसा विखुरतो त्यावरून अंदाज बांधतात. धुक्यात कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा उगाच चढतो. धुक्याच्या पहाटे खिडकीत धरून घेतलेला आकडा फार मनावर घेऊ नका.

तटस्थ:
संध्याकाळी २००? ती स्वयंपाकाची वेळ असणार. तळण, करपणं, गॅसची ज्योत, सगळ्यातून सूक्ष्म कण निघतात. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइडही निघतो, तो तुमच्या यंत्राला दिसत नाही आणि दम्याला मात्र चांगलाच झोंबतो. डासांची कॉइल किंवा सिगारेट असेल तर विचारूच नका. खिडक्या बंद असल्या की हे सगळं आतच घुटमळतं. इथे सासूबाईंचं बरोबर आहे. स्वयंपाकाच्या वेळी चिमणी किंवा एक्झॉस्ट पंखा लावा, आणि तो हवा खरंच घराबाहेर फेकतो का ते तपासा. काही चिमण्या जाळीतून गाळून तीच हवा परत खोलीत सोडतात.

जुनंतेसोनं:
आमच्या लहानपणी हे पीएम-बिएम काही नव्हतं. खिडक्या सताड उघड्या असायच्या, कोणाला काही झालं नाही. उगाच भीतीचा बाजार.

मीटरवेडा:
@जुनंतेसोनं, मोजत नव्हतो म्हणून नव्हतं असं नाही. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये पाचेक दिवस कोळशाच्या धुराचं दाट धुकं साचलं. त्या वेळी सुमारे ४,००० जास्तीचे मृत्यू मोजले गेले, नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा १२,००० पर्यंत नेला. तेव्हाही आधी 'नेहमीचंच धुकं' असंच म्हणत होते. स्वच्छ हवेचा कायदा आला तो १९५६ मध्ये.

श्वासोच्छ्वास:
श्वसनविकार विभागात काम करते, म्हणून थोडं सविस्तर. खिडकी उघडी की बंद यापेक्षा 'कधी उघडी' हा प्रश्न जास्त कामाचा आहे. थंडीत रात्री आणि पहाटे जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार अशी उलटी थर-रचना होते आणि धूर वर जाऊ शकत नाही. ऊन तापलं की ती मोडते. त्यामुळे थंडीत साधारणपणे दुपारी पीएम सगळ्यात कमी असतो. खिडक्या तेव्हा उघडा, पहाटे नको. उन्हाळ्यात गणित थोडं बदलतं, कारण कडक उन्हात जमिनीलगतचा ओझोन दुपारीच चढतो. तेव्हा सकाळ बरी. कायम बंद ठेवणंही चालणार नाही. दोन-तीन माणसं झोपलेल्या बंद खोलीत सकाळपर्यंत कार्बन डायऑक्साइड सहज दीड-दोन हजार पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) जातो (बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो), आणि ओल साचून बुरशी आली तर दम्याला ती वेगळीच डोकेदुखी.

प्युरिफायर घ्यायचा तर लेक झोपते त्या खोलीपुरता घ्या. हेपा फिल्टर (सूक्ष्म कण अडवणारी दाट गाळणी) हवा आणि खोलीच्या मानाने सीएडीआर, म्हणजे यंत्र मिनिटाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, पुरेसा हवा. ढोबळ हिशेब असा, की खोलीचे जितके चौरस फूट त्याच्या दोन तृतीयांश सीएफएम (मिनिटाला घनफूट). १२० चौरस फुटांच्या खोलीला ८०. आवाज नको म्हणून सगळ्यात मंद वेगावर चालवणार असाल तर थोडा मोठाच घ्या. हेपा कण पकडतो, वायू नाही, म्हणून गॅसच्या ज्योतीवर तो उपाय नव्हे. ओझोन सोडून हवा शुद्ध करतो म्हणणारं यंत्र दम्याच्या घरात आणूच नका, ओझोन श्वासनलिकेला सुजवतो. आणि हवा चांगली वाटली म्हणून रोजचा इनहेलर मनाने थांबवू नका.

तटस्थ:
झाडांचं राहिलं. ती समजूत बरीचशी नासाच्या १९८९ च्या प्रयोगावरून आली, पण तो छोट्या हवाबंद कपाटात केला होता. दारं-खिडक्यांची उघडझाप होणाऱ्या घरात तसा परिणाम मिळवायचा तर झाडं इतकी लागतील की माणसांना जागा उरणार नाही. हौस म्हणून जरूर ठेवा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. दुपारची खिडकी सासूबाईंची, पहाटेची नवऱ्याची, असा तह करते आहे. एक विचारायचं राहिलं. मागच्या मोकळ्या जागेत कोणीतरी संध्याकाळी पालापाचोळा आणि प्लॅस्टिक एकत्र जाळतं. जाळणारा सफाईचं काम करणारा माणूस आहे, त्याला ओरडावंसं वाटत नाही. काय करावं?

श्वासोच्छ्वास:
त्याला ओरडू नकाच. तो धूर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त तोच गिळतो, आणि त्याच्याकडे ना हेपा ना बंद खिडकी. प्लॅस्टिकमध्ये पीव्हीसी असेल तर डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्यंही निघतात. तो का जाळतो ते आधी विचारा. बहुतेकदा कचरा उचलायला गाडी वेळेवर येत नाही आणि जागा मोकळी करून द्यायचा तगादा त्याच्यामागे असतो. म्हणजे तक्रार त्याच्याविरुद्ध नाही, गाडीबद्दल करायची, लेखी, तारीख आणि फोटोसकट, शेजारच्या आणखी दोन-चार घरांच्या सह्या घेऊन. फोटोत त्याचा चेहरा येऊ देऊ नका. पालापाचोळा वेगळा काढून खड्ड्यात कुजवता आला तर जाळायला उरतंच थोडं. तोवर धूर दिसला की त्या बाजूची खिडकी लावा आणि लेकीला दुसऱ्या खोलीत बसवा.