डिझेल गाडीची पूर्ण फ्युएल सिस्टम बदलायला सांगतायत, खरंच गरज आहे का? (इंदूर)

राजवाडाकर
२०१७ ची डिझेल एसयूव्ही, १.६ लिटर कॉमन रेल, १ लाख १५ हजार किमी. परवा पावसात रिंग रोडवरच्या पंपावर ३० लिटर डिझेल भरलं. पाच-सहा किलोमीटरवर झटके देऊन बंद पडली, आता सेल्फ मारला तरी उचलत नाही. स्कॅनरवर एरर कोड पी००८७. सर्व्हिस सेंटरचा अंदाज २ लाख ४० हजार: हाय प्रेशर पंप, चारही इंजेक्टर, रेल, पाइप, टाकी. होकार द्यावा का?

पंप_इंजेक्टर_इंदूर
लगेच नको. पी००८७ म्हणजे रेलमध्ये, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरना ते दाबाने वाटणाऱ्या नळीत, दाब कमी, एवढंच. तो का कमी, हे त्या कोडवरून कळत नाही. आधी ठरवायचं की भानगड पाण्याची आहे की धातूच्या चुऱ्याची. खर्चाचा सगळा फरक तिथे आहे.

फिल्टरच्या खालच्या ड्रेनमधून काचेच्या बरणीत अर्धा लिटर काढा आणि तासभर हलवू नका. पाणी जड, ते तळाशी बसेल. मग हाय प्रेशर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) खोलून त्याची जाळी उन्हात बघा. चंदेरी चमक दिसली तर पंप आतून खरवडलाय. चुंबक फिरवून निर्धास्त होऊ नका, काही पंपांची बॉडी अॅल्युमिनियमची असते आणि तो चुरा चिकटत नाही.

या पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेल हेच त्याचं वंगण. पाणी किंवा चुकून पेट्रोल गेलं की कॅम आणि रोलर कोरडे घासतात. चुरा पुढे रेल आणि इंजेक्टरमध्ये जातो, रिटर्न पाइपने परत टाकीतही येतो. चुरा सापडला तर सर्व्हिस सेंटरची यादी बरोबर आहे. तिथे फक्त पंप बदलून पैसे वाचवायला गेलात तर जुना चुरा नवा पंप खाईल.

तोवर सेल्फ मारू नका. आणि जुन्या पंपाच्या गाडीसारखा इंजेक्टरचा पाइप ढिला करून कुणाला बघू देऊ नका. दाब १६०० बारपर्यंत जातो, ती धार कातडीत घुसते.

नट_बोल्ट_वडोदरा
चमक नसेल तर मिस्त्रीला रिटर्न टेस्ट करायला सांगा. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत जायची वाट) पारदर्शक नळ्या लावून दहा सेकंद सेल्फ. एखाद्यातून भसाभस डिझेल आलं तर दाब तिथेच गळतोय. सुरू व्हायला साधारण २०० ते २५० बार लागतात. त्या इंजेक्टरच्या जागी रेलवर ब्लँकिंग कॅप (वाट बंद करणारं टोपण) लावून पुन्हा बघा. दाब चढला तर पंप वाचला.

पलासिया_४
तक्रारीचं मागे ठेवू नका. बिल, वेळ, बरणीतला नमुना जपा आणि आजच तेल कंपनीकडे व जिल्ह्याच्या खाद्य विभागाकडे लेखी द्या. पेट्रोल पंपाच्या टाकीत नवा टँकर रिकामा झाला की पुरावा पातळ होतो. जून २०२५ मध्ये रतलामला मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या अशाच डिझेलमधल्या पाण्याने थांबल्या होत्या, तेव्हा तो पेट्रोल पंप सील झाला. आपल्यासाठी तितकी धावपळ कोण करणार म्हणा, पण कागद लागतोच. विम्याचं मात्र पॉलिसी वाचूनच कळेल. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरत नाहीत.

राजवाडाकर
बरणीत तळाला दोन बोटं पाणी. जाळीत चमक नाही. सेल्फवर १४० बार, तिसऱ्या इंजेक्टरचा रिटर्न बाकीच्यांच्या कितीतरी पट. तिथे कॅप लावल्यावर २६० चढला.

पंप_इंजेक्टर_इंदूर
मग पंप आणि रेल यादीतून काढायला सांगा. टाकी उतरवून धुवा, आतल्या पंपाची जाळी साफ करा, लाइन फ्लश करा, नवा फिल्टर. चारही इंजेक्टर टेस्ट बेंचवर जाऊ द्या. तिसरा बहुधा बदलावा लागेल, बाकीचे रिपोर्ट बघून ठरवा, आणि तो रिपोर्ट छापील मागा. बसवताना कॉपर वॉशर नवे, उघडलेले हाय प्रेशर पाइपही नवेच. नव्या इंजेक्टरवरचा कोड ईसीयूमध्ये (इंजिनचा कॉम्प्युटर) टाकला नाही तर गाडी सुरू होईल, पण आयडलला थरथरेल आणि धूर देईल.

सुरू करण्याआधी हातपंपाने किंवा इग्निशन चालू-बंद करून हवा काढून घ्या, पंप कोरडा फिरता कामा नये. ५०० ते १००० किमीवर फिल्टर पुन्हा बदला आणि जुना कापून बघा. त्यात चमक दिसली तर गाडी तिथेच थांबवा.