सुट्टीतलं घर भाड्याने देणं: स्वतः चालवणाऱ्यांचे अनुभव

पुण्या-मुंबईत हल्ली कुठल्याही घरगुती समारंभाला जा, कोणी ना कोणी म्हणतंच: 'कोकणात एक घर घेऊन ठेवू, होमस्टे चालवू, हप्ता त्यातनंच सुटेल.' जाहिरातीही तेच सांगतात. ज्यांनी खरोखर चालवलंय त्यांचं म्हणणं मात्र फारसं लिहिलं जात नाही, म्हणून हा अनुभव धागा. चाव्या एजन्सीकडे देऊन मोकळे झालेल्यांनी नव्हे, तर स्वतः फोन घेणाऱ्यांनी, चादरी मोजणाऱ्यांनी लिहावं. पैसे, पाऊस, परवाने, माणसं, जे असेल ते. गावाचं किंवा तालुक्याचं नाव द्या, पाहुण्यांची नावं नकोत. सुरुवात मी करते.

दापोली तालुका, वडिलोपार्जित घर

जांभ्याचं जुनं घर, दोन खोल्या पाहुण्यांना देतो. घर आजोबांचं, त्यामुळे जागेची किंमत आमच्या हिशोबात नाही. पण माझी चुलतबहीण तसंच घर विकत घ्यायला निघाली, तेव्हा आम्ही दोघींनी बसून आकडे मांडले. ते जसेच्या तसे देते.

वर्षाचे शनिवार ५२. जून ते सप्टेंबर आमच्याकडे चिटपाखरू नसतं, मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, आणि गणपतीत घर आम्हालाच लागतं. उरले तीसेक शनिवार. त्यात दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना धरला की साठ रात्री होतात. रात्रीचे ६,००० धरले तर ३ लाख ६० हजार. आता खर्च: केअरटेकर जोडप्याला महिना १२,००० म्हणजे वर्षाचे १ लाख ४४ हजार. वीज आणि इंटरनेट ४०,०००. धुणं-सफाई ३०,०००. रंग, कौलं, पंप, डागडुजी ५०,०००. निम्मी बुकिंगं ॲपवरून आली आणि त्यावर १५ टक्के गेले तर २७,०००. हातात उरतात ६९,०००. बहीण ५० लाखांचं कर्ज काढणार होती. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता महिना ४३,००० च्या वर, म्हणजे वर्षाला ५ लाख २० हजार. 'हप्ता सुटेल' हे वाक्य इथेच संपतं. साठऐवजी शंभर रात्री धरल्या तरी हप्ता निघत नाही. बहिणीने घर घेतलं, पण कर्ज न काढता आणि लहान घेतलं.

समुद्राजवळच्या घराचा एक खर्च कोणी सांगत नाही. खारं वारं लोखंड खातं. बिजागऱ्या, गिझर, एसीचं बाहेरचं युनिट, सगळ्याचं आयुष्य शहरातल्यापेक्षा कमी. आम्ही आता बिजागऱ्या, कड्या स्टेनलेस स्टीलच्याच लावतो. आणि ३ जून २०२०चं निसर्ग वादळ आमच्या पट्ट्यातल्या कोणी विसरणार नाही. कौलं उडाली, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, वीज यायला कित्येक आठवडे गेले. विमा काढताना 'घर पाहुण्यांना भाड्याने देतो' हे अर्जात स्पष्ट लिहून घ्या. राहत्या घराची साधी पॉलिसी असेल तर भरपाईच्या वेळी तोच मुद्दा निघतो.

देवबाग, ता. मालवण

आमचं उलटं आहे. आम्ही घरातच राहतो, मागच्या अंगणात तीन खोल्या बांधल्यात, निवास-न्याहारी योजनेत नोंदणी आहे. केअरटेकर मीच, स्वयंपाकीण मीच. खरं सांगायचं तर खोलीच्या भाड्यापेक्षा जेवणावर आमचं घर चालतं. खोली कुठेही मिळते, आमच्या हातचं तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं मिळत नाही, त्यासाठी माणसं परत येतात.

माझा दिवस आदल्या रात्रीच सुरू होतो. दहाच्या आत मी प्रत्येक खोलीच्या दारात जाऊन विचारते, 'उद्या कितीजण जेवूक आसत? सुरमई की पापलेट?' त्यावर सकाळी मासळी घ्यायची. हे विचारलं नाही तर एक तर मासे उरतात, नाहीतर दुपारी दोन वाजता कोणी उपाशी बसतं. सुरमईचा भाव रोज वेगळा, त्यामुळे थाळीचा दर फळ्यावर रंगवलेला नाही, खडूने लिहिते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यापुढे श्रावण. तेव्हा बहुतेक पाहुणे नसतातच. असले तर घावणे, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि सोलकढी.

वरच्या ताईंच्या आकड्यांत जेवण नाही, म्हणून त्यांना साठ रात्रींचे तेवढेच दिसले. पण जेवण घालायचं तर घरचं माणूस तिथेच हवं. पुण्यात बसून ते होत नाही, हे माझं स्पष्ट मत.

किनाऱ्यालगत बांधकाम वाढवायचं मनात असेल त्यांनी आधी सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम, बघा. २०१९च्या अधिसूचनेत स्थानिकांना होमस्टेची मुभा आहे, पण असलेल्या घराचं जोतं आणि रूप न बदलता.

लोणावळा

बंगल्याला तरणतलाव असला की भाडं वाढतं आणि मालकाची झोप जाते. आमच्याकडे आहे. एका रात्री पाहुण्यांनी अंधारात मुलांना पाण्यात सोडलं आणि मोठे वर गच्चीवर. आमच्या माळ्याचं लक्ष गेलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून तलावाला कुलपाचं फाटक आहे, संध्याकाळी सातला बंद, आणि पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी पोहणारा माणूस पगारी ठेवतो. बुकिंग कमी झालं, होऊ दे. दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर मला दोन पैसे जास्त नकोत.

दुसरी गोष्ट शेजारी. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक चालत नाही, हा नियम आहे, तो मी बुकिंगच्या वेळीच मेसेजमध्ये टाकतो आणि अनामत घेतो. शेजारच्या आजोबांकडे माझा नंबर आहे. त्यांचा फोन आला की मी पाहुण्यांना फोन करतो, दुसऱ्यांदा आला की स्वतः जातो. ते आजोबा तिथे बारा महिने राहतात, पाहुणा एक रात्र.

पेडणे, गोवा

थोडक्यात लिहितो. गोव्यात खोली एक असो की व्हिला, १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. ती केल्याशिवाय ॲपवर घर टाकू नका. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरायची, मग तो एका रात्रीसाठी आलेला असला तरी. रात्री दोनला पाहुणा पोचला की माझं पहिलं काम पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो घेणं.

मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३मध्ये सुरू झाला तसे आमच्या तालुक्यात फ्लॅट घेणारे वाढले. माझ्याच रस्त्यावर तेव्हा भाड्याची दोन घरं होती, आता मोजता येत नाहीत. पाहुणे वाढले, पण वाटेकरी जास्त वाढले. पावसाळ्यात मी दर निम्म्यावर आणतो आणि महिनाभर राहून काम करणाऱ्यांना देतो. रोज चादरी बदलण्यापेक्षा ते बरं पडतं. सोसायटीत फ्लॅट असेल तर घेण्याआधी सोसायटीचे ठराव वाचा. आमच्या सोसायटीने मध्येच विरोध केला, तेव्हा सभेत एकेका सभासदाशी बोलावं लागलं.

वेल्स, ब्रिटन

आम्ही बर्मिंगहॅमला राहतो, वेल्सच्या किनाऱ्यावर एक कॉटेज आहे. इथे गणित सरकारच बदलतं. एप्रिल २०२३पासून वेल्समध्ये असं घर व्यवसाय म्हणून धरायचं तर वर्षात २५२ दिवस उपलब्ध आणि त्यातले १८२ दिवस प्रत्यक्ष भाड्याने गेलेलं असावं लागतं. नाहीतर घरपट्टी लागते, आणि दुसरं घर म्हणून स्थानिक परिषद त्यावर ३०० टक्क्यांपर्यंत जादा आकारू शकते. हिवाळ्यात, पावसात १८२ दिवस भरायचे म्हणजे जानेवारीत मिळेल त्या दरात द्यायचं. शिवाय सुट्टीच्या घरांना मिळणारी खास करसवलत एप्रिल २०२५पासून गेली.

तरीही सांगते, तिथल्या गावकऱ्यांचा राग मला पटतो. गावातली मुलं लग्नानंतर घर घ्यायला जातात तेव्हा आमच्यासारख्यांनी दर वाढवून ठेवलेले असतात. कोकणात आणि गोव्यात हे आत्ताच कुजबुजीत ऐकू येतंय. नियम येण्याआधी मालकांनी याचा विचार केला तर बरं.

वेळास, ता. मंडणगड

आमच्या गावात कासव महोत्सवाला माणसं येतात ती घराघरांत राहतात. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडताना बघायची, जेवण घरचं, झोपायला माजघर नाहीतर ओटी. हंगाम जेमतेम फेब्रुवारी ते एप्रिल. त्यासाठी कोणी कर्ज काढत नाही, खोली बांधत नाही. पैसे त्या काळात मिळतात आणि गावातच राहतात. बाहेरून येऊन घर घेणाऱ्यांना हे लागू नाही, पण होमस्टे म्हणजे असंही असतं एवढंच सांगायचं होतं.

करांबद्दल, पुणे

कर सल्लागार म्हणून लिहितो. रात्रीचं भाडं ७,५०० पर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी ५ टक्के, भाडं त्याहून जास्त असेल तर १८ टक्के. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तुम्हाला नोंदणी लागत नाही. मात्र ॲपवरून आलेल्या बुकिंगवरचा कर तेव्हाही लागतो, तो ॲप कंपनीने भरायचा असतो. आयकरात हे उत्पन्न 'घरभाडं' म्हणून दाखवून ३० टक्के वजावट घेणारे बरेच भेटतात. जेवण, सफाई, रोजची सेवा देता तेव्हा तो सहसा धंदा ठरतो. मग खर्चाची बिलं हवीत, केअरटेकरचा पगारही बँकेतून द्या.

गुहागर तालुका

मी मालक नाही. माझे आईबाबा एका बंगल्याचे केअरटेकर आहेत, मी पुण्यात शिकतो आणि सुट्टीत त्यांना मदत करतो. वरचे सगळे अनुभव वाचले, म्हणून लिहितोय.

पाहुणे 'आठपर्यंत पोचू' म्हणतात आणि साडेअकराला येतात. आई तोवर भाकऱ्यांचं पीठ मळायचं थांबून बसते, कारण गार भाकरी वाढलेली तिला आवडत नाही. सकाळी सहाला चहा लागतो. बोअरचा पंप बंद पडला तर बाबा रात्री बॅटरी घेऊन उतरतात. 'आदरातिथ्य फार छान' असं पाहुणे लिहून जातात, त्याचे तारे मालकांच्या नावावर पडतात.

मालक वाईट नाहीत, पगार वेळेवर देतात. पण जेवणाच्या पैशांतला वाटा कधी ठरलेला नाही, सुट्टीचा वार नाही, आणि मे महिन्यात आई आजारी पडली तेव्हा बदली माणूस शोधायचं काम आम्हालाच करावं लागलं. दापोलीच्या ताईंच्या हिशोबात जोडप्याला १२,००० आहेत. ताई, त्यात दोघांचं काम आणि वर्षभर घर राखणं धरलंय. मे महिन्यात आणि नाताळात त्याहून वेगळे पैसे देता का? जेवणाचा वाटा किती? जे मालक हे लिहून देतात त्यांनी इथे आकडा सांगावा. मला तो आमच्या मालकांना दाखवायचा आहे.

दापोली, पुन्हा

हो, विचारलंत ते बरं केलंत. जेवणाचे पैसे पूर्ण त्यांचे, सामानही तेच आणतात, आम्ही त्यात हात घालत नाही. मे आणि नाताळात दर रात्रीमागे ५०० वेगळे. बुधवार सुट्टी, त्या दिवशी बुकिंग घेत नाही. लिहून मात्र दिलेलं नाही. या आठवड्यात कागद करते आणि मसुदा इथे टाकते. बाकीच्या मालकांनीही आपापले आकडे टाकावेत.