मदत हवी आहे: जुन्या साब ९०० टर्बोचं बूस्ट वाढवण्याआधी काय काय तपासू?

बूस्टवेडा

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं जिच्यावर डोळा होता ती गाडी अखेर घरी आली आहे. साब ९०० टर्बो, १९८९ ची, दोन लिटर १६ व्हॉल्व्हचं इंजिन, पाच गिअर. स्वतः पाना हातात घ्यायची सवय आहे, पण आजवर हाताळलेली सगळी इंजिनं टर्बो नसलेली. म्हणून हा धागा.

लक्षण असं: तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की ३००० आरपीएमच्या आसपास गाडी झेपावते, बूस्टचा (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेच्या जादा दाबाचा) काटा केशरी पट्टा ओलांडून लालमध्ये जातो आणि कुणीतरी चावी फिरवून इंजिन बंद करावं तसा सगळा जोर एका क्षणात जातो. पाय काढला की पुन्हा सुरळीत. आरामात चालवली तर कसलीच तक्रार नाही. विशेष म्हणजे थंड सकाळी हे हमखास होतं, भर दुपारी क्वचित.

आधीच्या मालकाने हौसेने बरंच काही केलेलं दिसतंय. एक्झॉस्टचा पाइप मोठ्या व्यासाचा आहे, इंटरकूलर मूळचा नाही, आणि डिकीत एका खोक्यात आणखी एक टर्बो मिळाला: बाहेरून टी३ (गॅरेटचं टर्बो मॉडेल) सारखाच, पण कंप्रेसरचं चाक मोठं. कागदपत्रांत या कामांचा काही हिशेब नाही.

माझे प्रश्न:
इंधनपंप दमलाय का? बदलूनच टाकू का?
खोक्यातला टर्बो बसवून २२० एचपीपर्यंत जाणं शहाणपणाचं आहे का? (मूळचे १७५.)
गिअरबॉक्सबद्दल लोक इतकं घाबरवतात ते कितपत खरं?

तेरा_नंबरचा_पाना

पंपाला हात लावू नका, निदान आज तरी. पंप दमला असता तर गाडी आधी रडतखडत ओढली असती, फटके मारले असते. तुमची गाडी अगदी स्वच्छ तुटतेय. या गाडीत एक प्रेशर स्विच असतो; इनटेकमधला दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की तो इंधन तोडतो. म्हणजे तुमची गाडी बिघडलेली नाही, ती स्वतःला वाचवतेय. त्या स्विचच्या वायरी परस्पर जोडून तो निकामी करायचा सल्ला कुणी दिलाच तर त्या माणसाला पुन्हा बोनेट उघडू देऊ नका.

सकाळ-दुपारचा फरक तुम्ही लिहिलात ते फार बरं केलंत, निम्मं निदान त्यातच आहे. या गाडीत एपीसी नावाची, बूस्ट आपोआप सांभाळणारी यंत्रणा आहे. साबचे इंजिन अभियंता पेर यिलब्रांड यांच्या गटाने ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. ब्लॉकवर नॉकिंग (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकून बसणारे घातक ठोके) ओळखणारा नॉक सेन्सर, एक कंट्रोल बॉक्स आणि टर्बोजवळ तीन नळ्यांचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. कंप्रेसरकडून वेस्टगेटच्या (एक्झॉस्टचा वायू टर्बोला बगल देऊन सोडणाऱ्या झडपेच्या) ॲक्च्युएटरकडे जाणारा दाब हा व्हॉल्व्ह थोडा थोडा परत इनटेककडे सोडतो, म्हणून वेस्टगेट उशिरा उघडतं आणि बूस्ट चढतं. नॉकिंग ऐकू आलं की सोडणं कमी करतो, बूस्ट उतरतं. थंड हवेत नॉकिंग नाही, म्हणून तो बूस्ट चढू देतो आणि स्विच तोडतो. दुपारी नॉकिंगमुळे तोच बूस्ट खाली आणतो, म्हणून स्विचपर्यंत पोचतच नाही.

आता हे करा. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका, त्यावर आकडेच नाहीत, नुसते रंग आहेत. बारमध्ये दाखवणारा साधा मेकॅनिकल गेज टी-जॉइंट लावून जोडा. सोलेनॉइडची वायर काढा. मग तिसऱ्या गिअरमध्ये, मोकळ्या रस्त्यावर, पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन दाब किती स्थिरावतो ते बघा. हे झालं मूळ बूस्ट, म्हणजे एपीसीशिवायचं. ते साधारण ०.४ बारच्या आसपास असायला हवं. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा वर्कशॉप मॅन्युअलमध्ये आहे.

गॅरेजवाली

पाना दादांशी सहमत. भर एवढीच की मोजण्याआधी होज बघा. या वयाच्या गाडीत इंटरकूलरच्या दोन्ही टोकांचे रबरी होज, डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी आणि फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची नळी या सगळ्या संशयित समजायच्या. शेवटची सर्वांत महत्त्वाची. बूस्ट चढेल तसा इंधनाचा दाबही त्याच प्रमाणात चढावा म्हणून ती असते. ती चिरलेली असेल तर बूस्टमध्ये नेमकं इंधन कमी पडतं आणि पिस्टनचा बळी जातो. आवाजही होत नाही फारसा. नळ्यांचा खर्च किरकोळ असतो, सगळ्या एकदम बदला.

वेस्टगेटच्या दांड्यावर लॉकनट आहे. त्याच्या आट्या बघा. कुणी हात घातला असेल तर ताज्या खुणा दिसतील. एपीसीच्या बॉक्सवरचं सील तुटलंय का तेही बघा. आत ‘पी’ लिहिलेला स्क्रू असतो, तो फिरवून बूस्ट वाढवणारे पुष्कळ असतात.

बूस्टवेडा

दोघांचेही आभार. सगळ्या नळ्या बदलल्या, गेज लावला. सोलेनॉइड काढून मूळ बूस्ट ०.६ बारच्या वर येतंय! दांड्याच्या आट्या चकचकीत आहेत, म्हणजे वेस्टगेट उशिरा उघडावं म्हणून कुणीतरी दांडा आखडून घेतलाय. बॉक्सचं सीलही तुटलेलं. तोडातोडीचं कोडं सुटलं.

पण मग माझा भाबडा प्रश्न: ०.६ ने इतकं काय बिघडतं? एपीसी चालू असताना कारखान्यातूनच ०.७-०.८ मिळतं ना?

वर्कशॉपवाले_आजोबा

बिघडतं ते असं. नॉकिंग झालं की एपीसी बूस्ट खाली आणू शकतं, पण मूळ बूस्टच्या खाली नाही. तिथे फक्त ॲक्च्युएटरची स्प्रिंग असते, तिला नॉकिंग ऐकू येत नाही. म्हणजे ०.४ ही तुमच्या इंजिनाची जमीन. हलकं पेट्रोल भरलं गेलं, चढावर गरम इंजिनाने ओढावं लागलं, तरी यंत्रणा त्या जमिनीवर येऊन सुखरूप उभी राहते. दांडा आखडला की जमीनच वर आली. रोजच्या चालवण्यात फरक जाणवणार नाही, उलट गाडी जास्त तरतरीत वाटेल, आणि ज्या दिवशी यंत्रणेची खरी गरज पडेल त्या दिवशी तिच्याकडे खाली यायला जागा नसेल. जुन्या टर्बो गाड्यांमध्ये लोक मुद्दाम बिघडवतात असं सर्वांत घातक हेच, कारण ते फुकट होतं आणि पहिल्याच फेरीत आवडतं.

आता मोठ्या प्रश्नाकडे. बूस्ट म्हणजे ताकद नव्हे, हे आधी आकड्यांत बघू. ०.८ बार बूस्ट म्हणजे वातावरणाचा धरून १.८. तेच १.० केलं तर २.०. म्हणजे हवा जास्तीत जास्त ११ टक्के वाढली. पण हवा दाबली की तापते. बाहेर २० अंश आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर १.८ पटीला टर्बोमधून निघणारी हवा ९७ अंशांच्या आसपास, २.० पटीला ११२. लहान टर्बो त्याच्या कुवतीच्या टोकाला नेला की कार्यक्षमता ६० वर घसरते, मग तेच १२७. तापलेली हवा विरळ, म्हणजे ११ मधले काही टक्के तिथेच गेले. शिवाय नॉकिंग वाढलं, म्हणून एपीसी बूस्ट उतरवणार. मालक मात्र गेजवर १.० बघून खूश. म्हणून मला विचाराल तर पहिला खर्च इंटरकूलरवर, आणि तो तुमच्याकडे आहेच. त्याचे पंख वाकलेत का, आत तेल साचलंय का बघा.

पुढचं इंधन. या गाडीला हवा मोजणारं मीटर आहे, पण पूर्ण भाराला लॅम्डा सेन्सरचं (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो तो) कोणी ऐकत नाही, आत लिहिलेल्या तक्त्याप्रमाणे इंधन जातं. मूळ रेग्युलेटर २.५ बारचा. ३ बारचा लावलात तर इंजेक्टरमधून साधारण साडेनऊ टक्के जास्त इंधन जातं. माफक वाढीला तेवढं पुरतं, पण अंदाजाने नको. हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड लॅम्डा गेज लावल्याशिवाय बूस्टचा एकही स्क्रू फिरवू नका. पूर्ण बूस्टला मिश्रण १२ च्या आसपास (एक भाग इंधनाला १२ भाग हवा) हवं. १३ च्या पुढे जाताना दिसलं तर पाय काढायचा.

गिअरबॉक्स. घाबरवतात ते खरं आहे, फक्त नेमकं कशाला घाबरायचं ते कोणी सांगत नाही. या गाडीत इंजिन उलटं बसवलंय, क्लच पुढे रेडिएटरच्या मागे, तिथून साखळीने जोर खाली येतो आणि गिअरबॉक्स थेट इंजिनाच्या पोटाखाली. (क्लच बदलायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही, हे या रचनेचं बक्षीस.) हा गिअरबॉक्स एचपीने मोडत नाही, टॉर्कने मोडतो. मूळ इंजिन ३००० आरपीएमलाच २७३ न्यूटन-मीटर देतं. लहान टर्बोचं बूस्ट वाढवलं की सगळी वाढ नेमकी तिथे, म्हणजे गिअरच्या दातांवर आणि पिनियनच्या (चाकांकडे जोर पोचवणाऱ्या लहान गिअरच्या) बेअरिंगवर.

आता गणित करा: ५५०० आरपीएमला २२० एचपी हवे असतील तर टॉर्क लागतो सुमारे २८०. मूळच्या कमाल टॉर्कपेक्षा किंचित जास्त! म्हणजे तुमचं उद्दिष्ट गिअरबॉक्सच्या कुवतीतलं आहे, फक्त ताकद वर काढायची, मधे नाही. त्यामुळे खोक्यातला टर्बो मी थेट भंगारात घालणार नाही. थोडा मोठा टर्बो उशिरा जागा होतो, मधला धक्का सौम्य होतो, वर हवा थंड देतो. गिअरबॉक्सला तो आखडलेल्या लहान टर्बोपेक्षा परवडतो. पण त्याचा शाफ्ट आधी हाताने हलवून बघा: आतबाहेर खेळ जाणवला किंवा चाक कडेला घासतंय असं दिसलं तर आधी रीबिल्ड.

मूळ_रंग

मला कळत नाही, इतका खटाटोप कशासाठी? मूळ गाडीच सुंदर आहे. १९७८ ते १९९३ अशी नऊ लाखांहून जास्त बनली आणि आज न छेडलेली शोधावी लागते. साबची मोटार कंपनी २०११ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. मोडलेला भाग परत मिळेलच याची खात्री नाही.

गॅरेजवाली

मूळ_रंग, तुमचा मुद्दा सुट्या भागांपुरता मान्य. म्हणूनच नियम एकच: जे काढाल ते चिठ्ठी लावून ठेवा, पत्रा कापू नका, वायरिंग तोडून जोडू नका. परत मूळ करता आली पाहिजे. पण छेडछाड म्हणजे पाप असंही नाही. बॉशचं एलएच इंधन-इंजेक्शन आणि एपीसी या दोन स्वतंत्र यंत्रणा असल्यामुळे ही गाडी शिकायला फार चांगली आहे, एकाला हात लावला तर दुसरीचं काय होतं ते गेजवर दिसतं.

आजोबा, टर्बोच्या थंडाव्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत.

वर्कशॉपवाले_आजोबा

राहिलंच, ताई. टर्बोला पाण्याचे पाइप आहेत का ते बघा. बसवलेल्याला आणि खोक्यातल्यालाही. नुसत्या तेलावर थंड होणारा असेल तर जोरात चालवून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवायचं. नाहीतर बेअरिंगमधलं तेल जागीच जळून त्याचा कोळसा होतो. सिंथेटिक तेल आणि लवकर लवकर बदल. टर्बोला तेल पोचवणारा बारीक पाइप काढून आतून बघा, लोक टर्बो बदलतात आणि तुंबलेला पाइप तसाच ठेवतात.

ब्रेकवर मी जास्त लिहीत नाही. ताकद वाढवायच्या आधी होज आणि ऑइल नवीन, बस.

बूस्टवेडा

ताजी खबर. दांडा सैल करून मूळ बूस्ट ०.४ वर आणलं, ‘पी’ चा स्क्रू मागे घेतला. आता एपीसीसह ०.७५ वर काटा स्थिर राहतो आणि तोडातोडी बंद. गंमत म्हणजे दुपारची गाडी पूर्वीपेक्षा जास्त ओढते! वाइडबँडवर पूर्ण भाराला ११.८ ते १२.२.

खोक्यातल्या टर्बोला पाण्याची सोय आहे, पण शाफ्ट आतबाहेर स्पष्ट हलतो. रीबिल्डला देतोय. तोवर सध्याच्या टर्बोवरच.

एक नवीन काळजी. आता इंजिनचा गोंधळ कमी झाल्यावर लक्षात आलं की गिअरबॉक्समधून एक बारीक हुंकार येतो. ॲक्सिलरेटर दिला की एक सूर, सोडला की वेगळा. पिनियनच का?

तेरा_नंबरचा_पाना

शक्यता आहे. भार बदलला की सूर बदलणं हे त्याचंच लक्षण, पण चाकाच्या बेअरिंगचाही आवाज येतो. वळणावर एका बाजूला वजन गेल्यावर सूर बदलला तर चाक.

गिअरबॉक्सचं तेल वेगळं आहे, इंजिनाच्या तेलात मिसळलेलं नाही. ते स्वच्छ भांड्यात काढा. ड्रेन प्लगवरच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असेल तर चालतंय. बोटाला टोचणारे कण किंवा चकत्या दिसल्या तर बूस्टचं नाव काढू नका, गिअरबॉक्स उघडायचा. पिनियनचं बेअरिंग वेळेत बदललं तर गिअर वाचतात. प्लगचा फोटो इथे टाका, आजोबा बघतील.